वहीतले आकडे, बावीस कॅसेटी आणि फिडलवाल्या आजोबांची आठवण

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री उशिरापर्यंत फिडल घेऊन बसलो होतो, म्हणून उत्तर लांबलंय. बाकीच्यांना संदर्भ कळावा यासाठी आधी प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो. तुम्ही आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहता. शेजारच्या आजोबांकडे तुम्ही आणि तुमची मुलगी सहा वर्षं आयरिश फिडल (म्हणजे व्हायोलिनच, तिकडच्या लोकसंगीताच्या ढंगानं) शिकलात. आजोबा मूळचे शेजारच्या केरी काउंटीच्या सीमेकडचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या लेकीनं विश्वासानं बावीस कॅसेटी आणि एक जुनी वही तुमच्या हवाली केली. आता वर्ष भरत आलंय आणि तुम्हाला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय. हॉल, बॅनर, निवेदक, निवडक रेकॉर्डिंगची सीडी असं डोक्यात आहे. वहीचं एक पान तुम्ही फोटो काढून टाकलंय आणि खाली लिहिलंय, "यात नुसते आकडे आहेत, बहुतेक घरखर्चाचा हिशेब असावा."

हिशेब नाही तो. त्याकडे येतोच.

मी कोण हे दोन ओळींत सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. व्हायोलिन मी पुण्यात शिकलो, मांडी घालून, सा-प-सा-प लावून. गेली एकोणीस वर्षं आयर्लंडमध्ये आहे. आठवड्यातून दोनदा सेशनला, म्हणजे पबमध्ये जमून एकत्र वाजवायच्या बैठकीला जातो, मुलांना फिडल शिकवतो आणि लोकांच्या घरातल्या जुन्या टेप संगणकावर उतरवून देतो. या शेवटच्या कामात मी एक मोठी चूक केलेली आहे. तीही खाली सांगतो, कारण तुम्ही नेमकी तीच करायला निघाला आहात.

तुम्ही विचारलंय की कार्यक्रम कसा करावा. मला विचाराल तर कार्यक्रम ही यातली सोपी गोष्ट आहे. आजोबांचं वाजवणं आज तीन जागी उरलंय: फितीत, वहीत आणि तुमच्या मुलीच्या बोटांत. तिन्हीकडून ते गळतंय, आणि आपल्याला वाटतं त्याच्या उलट क्रमानं. कॅसेट नीट ठेवली तर अजून काही वर्षं तग धरेल. वही तर आपल्या दोघांच्या पश्चातही राहील. बोटं मात्र सहा महिन्यांत दुसऱ्या कुणाचं ऐकून बदलतात. म्हणून आधी बोटं, मग फीत, मग वही, आणि हॉल सगळ्यांत शेवटी, तोही लागलाच तर.

तरी सुरुवात वहीपासून करतो, कारण ती उघडली की बाकीचं आपोआप उलगडतं.

केरी आणि कॉर्कच्या सीमेवर जो उंचवट्याचा, पाणथळ मुलूख आहे त्याला श्लीव लूखरा म्हणतात. अर्थ साधारण लव्हाळ्यांचा डोंगर. तिथे पाड्रिग ओकीफ नावाचे एक मास्तर होऊन गेले. जन्म 1887, कॅसलआयलंडजवळच्या ग्लाउंटेनचा. वडील गावच्या शाळेचे हेडमास्तर, त्यांच्यामागे हेही त्याच शाळेत शिक्षक झाले. फिडल मात्र आईकडून आलं, मामा कॅल ओकॅलहन यांच्याकडून. शाळेच्या घंटेशी मास्तरांचं कधी जमलं नाही आणि 1920 मध्ये नोकरी गेली. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं, 1963 च्या फेब्रुवारीत मरेपर्यंत, हा माणूस पायी घरोघर फिरून फिडल शिकवत राहिला. लग्न केलं नाही. आजच्या श्लीव लूखरात जे कोणी फिडल वाजवतं, त्यांच्यातल्या बहुतेकांचा धागा कुठे ना कुठे या मास्तरांपाशी जातो. डेनिस मर्फी, त्यांची बहीण जुलिया क्लिफर्ड आणि पुढे अमेरिकेला गेलेले पॅडी क्रोनिन हे सगळे त्यांचेच विद्यार्थी.

शेतकऱ्यांच्या पोरांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, कुठून येणार? म्हणून मास्तरांनी आपली एक लिपी काढली. स्टाफच्या पाच रेघा घेतल्या, पण रेघांवर काहीच लिहायचं नाही. पाच रेघांच्या मध्ये चार फटी पडतात आणि फिडलला तारा चार. एक फट, एक तार. फटीत आकडा लिहायचा: 0 म्हणजे मोकळी तार, 1 पहिलं बोट, 2 दुसरं, 3 तिसरं, 4 करंगळी. संपलं. अकॉर्डियनवाल्यांसाठी त्यांची वेगळी आकड्यांची पद्धत होती. मास्तर ट्यून कागदावर लिहून देत आणि पुढच्या खेपेला पोराकडून ऐकत. असे कागद आणि वह्या अजूनही त्या भागातल्या घरांत निघतात.

आता तुमच्या फोटोकडे बघा. पाच रेघा, चार फटी, 4 च्या पुढे एकही आकडा नाही. सगळ्यात वरच्या फटीत पातळ तार धरा आणि वाजवून बघा. चाल बसली तर वाचन बरोबर, नाहीतर उलटं धरून बघा. उलटं धरल्यावर जे निघतं ते ऐकून मांजरसुद्धा खोलीबाहेर जातं, त्यामुळे शंका उरत नाही. मी काल वरची तार धरली आणि दोनच ओळींत पायानं ठेका धरला. ती स्लाइड आहे. स्लाइड म्हणजे तिकडची धावती जिग (उड्यांच्या नाचाची चाल) समजा. बाराच्या हिशेबानं लिहितात, चार उड्यांत मोजतात, आणि पोल्काबरोबर त्या मुलखातल्या नाचांचा तोच मुख्य खुराक.

वही कुणाच्या हातची, हे फोटोवरून सांगता येत नाही. आजोबा लहानपणी स्वतः मास्तरांकडे बसलेले असतील, किंवा मास्तरांच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून ही पद्धत शिकले असतील, किंवा वही त्यांच्या वडिलांची असेल. आजोबांच्या लेकीला त्यांची जुनी सही किंवा पत्र मागा आणि 4 चा आकडा कसा काढलाय तो ताडून बघा. हे कळल्याशिवाय "मास्तरांच्या हातची वही" असं कुठेही म्हणू नका. त्या भागात अशी बातमी दोन दिवसांत तीन गावं फिरते, आणि मग ती मागे घेता येत नाही.

आकड्यांचा अजून एक मुद्दा. ही लिपी बोट कुठे ठेवायचं ते सांगते. गज कसा ओढायचा हे त्यातून फारसं कळत नाही. दुसरं बोट उंच की खाली, म्हणजे गंधार शुद्ध की कोमल, हेही वाचणाऱ्यानं कानानं ठरवायचं. मास्तर समोर बसून वाजवत तेव्हा ते लिहायची गरजच नव्हती. त्यामुळे वही एकटी अपुरी. तिला कॅसेट लागते, आणि कॅसेटला तुमची मुलगी लागते.

कॅसेटी. घाईनं प्ले दाबू नका. आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन प्लास्टिकचे छोटे कान असतात ते तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसली जाणार नाही. हे काम आज रात्रीच करा. मग फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात पडलेली फीत थोडी सैलावते. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आणि दर दोन-तीन कॅसेटींनंतर परत पुसा, कारण जुनी फीत तपकिरी भुकटी सोडते. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर लगेच इक्वलायझरकडे धावू नका. हेडचा कल किंचित बदलून बघा, नाहीतर एखाद्या जाणकाराला दाखवा. संगणकावर घेताना वेव्ह फाइल, 24 बिट, 96 किलोहर्ट्झ. नव्वद मिनिटांची एक कॅसेट साधारण तीन जीबी होते, म्हणजे बावीस मिळून सत्तरच्या आत. सगळं एका पेन ड्राइव्हवर मावतं, पण तीन प्रती करा आणि तिन्ही एकाच घरात ठेवू नका. खरखर काढायची असेल तर ती वेगळ्या प्रतीतून काढा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

आता पट्टी. याकडे लक्ष देणारे थोडेच. बॅटरी उतरत आलेल्या टेपरेकॉर्डरवर फीत सावकाश सरकते, आणि तीच कॅसेट नंतर चांगल्या डेकवर लावली की सगळं चढ्या पट्टीत आणि जलद वाजतं. अर्धा सूर चढला तर लयही सहा टक्के वाढते. घरचे लोक ऐकतात आणि म्हणतात, "बाबा तरुणपणी काय सुसाट वाजवायचे!" बाबा नेहमीसारखेच वाजवत होते, सेल संपत आले होते. त्याच फितीत कुठे अकॉर्डियन, कॉन्सर्टिना किंवा बासरीसारखी टिन व्हिसल असेल तर तिच्यावरून पट्टी जुळवा. ही वाद्यं फिडलसारखी मनाला येईल तशी चढवता-उतरवता येत नाहीत. वेग दुरुस्त केलेली प्रतही वेगळीच ठेवा आणि किती टक्के बदललात ते लिहून ठेवा.

आणि आता माझी चूक. दहा वर्षांपूर्वी एका घरातून अशीच एक टेप माझ्याकडे आली होती. वाजवणारे म्हातारे गृहस्थ नुकतेच गेले होते. मी हौसेनं "साफ" काम केलं. ट्यून कापून वेगळ्या केल्या, मधली बडबड, खुर्चीची करकर, चहाचे कप, खोकला सगळं काढून टाकलं. घरच्यांना सुबक फाइली दिल्या. त्यांनी मूळ कॅसेट टाकून दिली, आता गरज काय म्हणून. वर्षभरानं एका सेशनमध्ये कुणीतरी विचारलं की त्या अमुक रीलचा (रील म्हणजे जलद नाचाची ट्यून) दुसरा भाग ते असा वेगळा का वाजवायचे, कुणाकडून घेतला होता? मला उत्तर ऐकल्याचं अंधुक आठवत होतं. ट्यून संपल्यावर ते दोन वाक्यं बोलले होते: कोणाच्या स्वयंपाकघरात, कोणत्या साली, कोणाकडून. ती दोन वाक्यं मी कापून फेकली होती.

म्हणून सांगतो, त्या कॅसेटींमधला सगळ्यात मोलाचा भाग दोन ट्यूनच्या मधला आहे. या संगीतात कुणी नवी ट्यून वाजवली की पहिला प्रश्न येतो, "कुठून मिळाली?" आणि उत्तरात माणसाचं नाव येतं. आपल्याकडे बंदिश गाताना कान धरून गुरूचं नाव घेतात, त्याच्या जवळचं काहीतरी, फक्त हातात काळ्या बिअरचा ग्लास. एखादा फिडलवाला गेल्यावर त्याची आठवण मुख्यतः अशी राहते: सेशनमध्ये कुणीतरी म्हणतं, "ही आपल्याला त्यांच्याकडून मिळाली." ट्यूनना नावंही तशीच चिकटतात. ओकीफ मास्तरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या स्लाइड आणि पोल्का आहेत, आणि त्या रचल्या कुणी हे विचारायला कुणी थांबत नाही. मास्तरांकडून आली एवढंच पुरतं.

सीडीविषयी माझं मत थोडं खट्टू करणारं आहे. मायकल कोलमन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. स्लायगो काउंटीतल्या किलाव्हिलचा फिडलवाला, 1914 मध्ये अमेरिकेला गेला, 1921 पासून पंधराएक वर्षं न्यूयॉर्कमध्ये 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्या केल्या, 1945 मध्ये तिथेच वारला. त्या तबकड्या बोटीनं परत आयर्लंडमध्ये आल्या आणि गावोगावचे फिडलवाले त्याची नक्कल करू लागले. वाजवणं इतकं देखणं की दोष कुणाला द्यायचा? पण कित्येक गावांनी आपली स्वतःची वळणं लाजून टाकून दिली. टार्बोल्टन, लाँगफर्ड कलेक्टर, सेलर्स बॉनेट या तीन रील त्यानं 1934 मध्ये एका बाजूवर सलग वाजवल्या. आजही त्या जगभरच्या सेशनमध्ये त्याच क्रमानं वाजतात. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत किती मावलं एवढ्यावरून क्रम ठरला आणि पुढे तो परंपरा झाला.

आजोबांची सीडी काढून असं काही होणार नाही हे मलाही कळतं. पण घरात छोट्या प्रमाणात होतं ते. बारा "निवडक" ट्यून एकदा सीडीवर गेल्या की त्या म्हणजेच आजोबा होतात. उरलेल्या दोनशे कोण ऐकतो? त्यातल्या पन्नास अर्ध्यावर तुटलेल्या असतील, दहांत तार उतरलेली असेल, आणि एकीत ते तुमच्या मुलीला ओरडत असतील. ती मला आधी ऐकायची आहे.

ओकीफ मास्तरांच्या बाबतीत नशीब बघा. शेमस एनिस नावाचा पाइप्स (आयरिश बॅगपाइप) वाजवणारा संग्राहक 1940 च्या दशकाच्या अखेरीस रेडिओसाठी आणि मग 1952 मध्ये बीबीसीसाठी त्यांच्याकडे गेला. कॅसलआयलंडच्या एका पबमध्ये मास्तर, डेनिस आणि जुलिया यांना त्यानं टिपलं. त्यातलं काही 1977 मध्ये तबकडी म्हणून बाहेर आलं, मास्तर जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. एका चालीत पाळण्यातलं बाळ रडतं. तो आवाज काढायला मास्तर दाराची मोठी किल्ली दातांत धरायचे आणि वाजवतानाच ती फिडलच्या घोडीला (तारा ज्यावर टेकतात तिला) टेकवायचे. किल्लीची ही करामत कुठल्याही आकड्याच्या लिपीत लिहिता येत नाही. कुणीतरी बघितली, कुणीतरी सांगितली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

तेव्हा बोटांकडे या. तुमच्या मुलीनं सहा वर्षं आजोबांच्या उजव्या मनगटाकडे बघितलंय. आयरिश फिडलमध्ये बोटांपेक्षा गज जास्त बोलतो. श्लीव लूखराच्या पोल्कात जोर ठेक्याच्या मधल्या पावलावर पडतो, त्यामुळे बसलेला माणूसही खुर्चीतून किंचित उचलला जातो. हे तिला शब्दांत सांगता येणार नाही, पण हात ते करतो. येत्या आठवड्यात फोन तिच्या उजव्या बाजूला उभा करा, गज टोकापासून टाचेपर्यंत दिसेल असा, आणि तिच्याकडून आजोबांच्या जेवढ्या ट्यून येतात तेवढ्या वाजवून घ्या. सुधारू नका. आजोबांचे आणखी विद्यार्थी असतील तर त्यांनाही असंच, पण प्रत्येकाला एकट्याला. एकत्र बसवलं की दहा मिनिटांत सगळे एकमेकांसारखे वाजवायला लागतात, आणि मग कुणाकडे काय होतं ते कळत नाही. एकाच ट्यूनच्या चार वेगळ्या आवृत्त्या निघाल्या तर भांडू नका. आजोबांनी चौघांना चार वेळा चार तऱ्हांनी शिकवली असेल. चांगले मास्तर तसंच करतात.

म्हणजे वर्ष भरेपर्यंतचं काम असं झालं: या आठवड्यात कान तोडणं आणि मुलीचे व्हिडिओ, मग सावकाश कॅसेटी, आणि जोडीला रोज वहीचं एक पान. कार्यक्रमाचा विचार त्यानंतर.

मी हॉल घेऊन बघितलेला आहे. माझ्या इथल्या पहिल्या शिक्षकांसाठी आम्ही गावच्या सभागृहात कार्यक्रम केला होता, मीच पुढे होऊन. आपल्या स्मृतिसमारोहासारखा: मंच, माइक, फुलं, रांगेनं खुर्च्या. सत्तरीची माणसं, ज्यांनी उभ्या आयुष्यात प्रेक्षकांकडे तोंड करून वाजवलं नव्हतं, ती एकेक करून मंचावर आली आणि परीक्षेला बसल्यासारखी वाजवून खाली उतरली. टाळ्या पडल्या. नंतर सगळे शेजारच्या पबमध्ये गेलो. तिथे कोपऱ्यात पाच जण एकमेकांकडे तोंड करून बसले आणि रात्री अकरा वाजता शिक्षकांची खरी आठवण सुरू झाली. तोवर त्यांची बायको घरी निघून गेली होती. हॉलपायी तिचं हुकलं.

तुमच्या बाबतीत गोष्टी कशावर अवलंबून आहेत ते सांगतो. आजोबा एखाद्या ठरलेल्या पबमध्ये बसायचे का? मग तीच जागा, आणि शुक्रवार-शनिवार सोडून. ते घराबाहेर वाजवतच नव्हते? मग त्यांचं स्वयंपाकघर, लेकीची हरकत नसेल तर. वर्षाचा चर्चमधला मास (प्रार्थनाविधी) हा पूर्णपणे घरच्यांचा विषय आहे. तिथे वाजवायला बोलावलं तर एक संथ चाल, मुलीनं एकटीनं, बास. संध्याकाळची सुरुवात आजोबा नेहमी ज्या ट्यूननं करायचे तिनं करा. भाषण लेकीचं, तेही तासाभरानं, लोक सैलावल्यावर. रिकामी खुर्ची ठेवून त्यावर फिडल मांडण्याची पद्धत मला आवडत नाही. त्या खुर्चीत तुमच्या मुलीला बसवा. जागा अडचणीची असते आणि फिडल वाजलं तरच बरं राहतं.

दर वर्षी करायचं का, हे आता ठरवू नका. पाइप्स वाजवणारे विली क्लॅन्सी 1973 च्या जानेवारीत गेले आणि त्याच उन्हाळ्यात मिलटाउन मॅलबेमध्ये त्यांच्या नावानं शिकवणीचा आठवडा सुरू झाला. तो अजूनही दर जुलैत भरतो. कॅसलआयलंडला ओकीफ मास्तरांच्या नावानं ऑक्टोबरअखेर महोत्सव होतो आणि स्कार्टाग्लिन गावात त्यांचं स्मारकही आहे. पण ही मोठी माणसं, मागे अख्खा मुलूख उभा. आपल्या आजोबांसाठी दहा माणसं दुसऱ्या वर्षीही आपणहून आली तर तेव्हा बघू.

तुम्ही संकोचानं शेवटी विचारलंय की त्या दिवशी तुम्ही एखादा राग वाजवलात तर चालेल का. आजोबांनी तुमचं हिंदुस्थानी वाजवणं कधी मागून ऐकलं होतं का? असेल तर जरूर वाजवा, पाच मिनिटं, आणि त्यांनी काय म्हटलं होतं तेही सांगा. नसेल तर त्या रात्री त्यांच्याच ट्यून वाजवा आणि राग घरी वाजवा.

हक्कांबाबत थोडंसं. पारंपरिक ट्यून कुणाच्या मालकीच्या नाहीत, पण कॅसेटी घरच्यांच्या आहेत, आणि त्या मधल्या बडबडीत हयात शेजाऱ्यांबद्दलही काहीबाही निघेल. इंटरनेटवर चढवण्याआधी लेकीबरोबर बसून ऐका. तिची तयारी असेल तर एक प्रत डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरवरच्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हला देऊ करा. 1987 पासून हेच काम करणारी संस्था आहे ती, आणि वहीबद्दलही त्यांनाच आधी विचारा.

आता एक काम तुमच्या मुलीला. फोटोतल्या पानावर तिसऱ्या ओळीच्या शेवटी शाई पसरली आहे. वरून दुसऱ्या फटीतला तो आकडा मला 2 वाटतो, पण 3 ही असू शकेल. 2 घेतला तर ट्यून गोड संपते. 3 घेतला तर संपतच नाही, परत पहिल्या ओळीवर ढकलते, आणि मला त्या मुलखाचं जे थोडं ऐकून माहीत आहे त्यावरून 3 असावा असा संशय आहे. तिला काही सांगू नका. फक्त पहिली ओळ वाजवून दाखवा, पुढचं तिला येत असेल तर वाजवू द्या, आणि तिचं बोट कुठे पडतं ते मला कळवा.